चामड्यावर कोरीवकाम शिकतोय, पण पाकळीला पायऱ्या पडतायत

मांद्रेचा_नि · २ जुलै, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच माफी मागून ठेवतो.

मी पणजीत एका हॉटेलात रात्रपाळीला हिशेब बघतो. दुपार मोकळी असते, म्हणून गेल्या चवथीपासून चामड्यावर फुलं-पानं कोरायला शिकतोय. गुरू कोणी नाही, अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघून चाललंय. हत्यारं म्हणजे एक स्वस्तातली स्विव्हल नाइफ (रेघ कापायची, बोटांत फिरणारी सुरी), सात ठसे, प्लास्टिकची मोगरी आणि शेजाऱ्याच्या ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा. चामडं चेन्नईहून मागवलेलं आहे, व्हेज टॅन (झाडांच्या सालीने कमावलेलं), साधारण ३ मिलिमीटर.

आता रडगाणं. सरळ रेघ जमते, पण वळणावर सुरी अडखळते आणि चामडं कापल्यासारखं न दिसता फाटल्यासारखं दिसतं. बेव्हलरने, म्हणजे उतरत्या तोंडाच्या ठशाने, पाकळीची कड दाबत गेलो की उतार गुळगुळीत येत नाही, पायऱ्या पडतात. जास्वंद कोरली होती. बायको बघून म्हणाली, "ही जास्वंद न्हय, हो चोर्ला घाट."

तिसरं जास्त छळतंय. मार्च-एप्रिलमध्ये ठसा छान उमटायचा. जून लागल्यापासून ठोकलेलं तासाभरात फुगून पुसट होतं. शिवाय मध्येच निळे-काळे डाग पडतात, शाई सांडल्यासारखे.

चांगली महागडी सुरी घेतली तर फरक पडेल का? पैसे घालायची तयारी आहे, हात चांगला होणार असेल तर.

डिचोलीचा_फिटर · २ जुलै, संध्याकाळी ७:२५

सुरी घेऊ नका. आहे तीच पाजळा.

खाणीच्या वर्कशॉपात बावीस वर्षं काढली, २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा घरी आलो आणि हा नाद लागला. स्वस्त सुरीचं पातं कारखान्यातून येतं तेव्हा त्यावर ग्राइंडरच्या आडव्या रेघा असतात. ट्यूबलाइटखाली तिरकं धरून बघा, दिसतील. त्या रेघा चामड्याला घासत जातात म्हणून वळणावर अडकतं. काचेच्या तुकड्यावर हजार नंबरचा वॉटर पेपर ठेवा, पाण्याचे दोन थेंब टाका आणि पात्याची दोन्ही तोंडं सपाट घासा. कोन बदलू द्यायचा नाही. मग दोन हजार नंबर. मग जुन्या पट्ट्याचा तुकडा फळीवर चिकटवून त्याला हिरवी पॉलिश वडी चोळा आणि पातं नेहमी मागे ओढा, धारेच्या दिशेने पुढे ढकलाल तर पट्टाच कापला जाईल. तोंड आरशासारखं झालं की थांबा.

आणि हे एकदाच करून भागत नाही. काम चालू असताना दर पाच-दहा मिनिटांनी पट्ट्यावर चार-सहा ओढी मारायच्या.

शब्दप्रेमी_साखळी · २ जुलै, रात्री ९:०२

स्विव्हल नाइफला "फिरकी सुरी" म्हणायला काय हरकत आहे? नळी बोटांत फिरते म्हणून फिरकी.

डिचोलीचा_फिटर · २ जुलै, रात्री ९:१५

काही हरकत नाही. दुकानदाराला मात्र स्विव्हलच सांगा, नाहीतर पतंगाची पाठवेल.

फोंड्याची_अबोली · ३ जुलै, सकाळी १०:४०

सुरीचं फिटरभाऊंनी सांगितलं ते बरोबर, पण रोग वेगळा आहे. जूनपासून बिघडलं हे तुम्हीच लिहिलंय. जूनमध्ये सुरी बदलली नाही, हवा बदलली.

तीन प्रश्न. पाणी कसं देता? पाणी दिल्यावर किती थांबता? आणि तुकडा जनावराच्या कुठल्या भागाचा आहे? पोटाकडचं स्वस्त मिळतं, पण ते सैल असतं, ताणतं, त्यावर बारीक काम टिकत नाही. पाठीचं सगळ्यात घट्ट, खांद्याचं बरं.

मांद्रेचा_नि · ३ जुलै, दुपारी २:२०

अबोलीताई, तुकडा खांद्याचा. पाणी स्प्रेने मारतो, वरून, चांगलं ओलं होईपर्यंत. मग व्हिडिओत सांगतात तसं घड्याळ लावून वीस मिनिटं थांबतो.

रापी · ३ जुलै, रात्री १०:५५

वाचत होतो, लिहिणार नव्हतो. पण ते घड्याळ वाचलं आणि राहवलं नाही.

माझे वडील म्हापशाच्या बाजारात चपला शिवायला बसत. शाळा सुटली की मी त्यांच्या शेजारी. आज मी सरकारी कचेरीत फायली हलवतो, पण त्यांची रापी आणि आरी अजून घरात आहे. फुलं ते कोरत नसत. पट्ट्यांवर टोच्याने नक्षी मारत तेवढीच. चामड्याचं पाणी मात्र त्यांना कळायचं.

तळाचं चामडं भिजवून ते पोत्यात गुंडाळून ठेवत, रात्रभर. सकाळी काढून थोडं हवेवर धरत आणि गालाला लावत. गार लागलं पण ओलं लागलं नाही, तर काम सुरू. ओलं लागलं तर परत ठेवायचं आणि चहा प्यायला जायचं. मे महिन्यात हा चहा अर्ध्या कपाचा असे. श्रावणात दोन चहा आणि वर गप्पा. वेळ हवेवर असते रे बाबा, त्या व्हिडिओवाल्याच्या गावात काय हवा आहे तुला काय ठाऊक?

तुझं काय होतंय सांगतो. वरून स्प्रे मारल्यावर वरचा थर चिंब आणि मधला कोरडा. वीस मिनिटांत उन्हाळ्यात वरचं पाणी उडून जायचं, म्हणून चुकून जमून जात होतं. आता हवेतच पाणी, ते उडणार कुठे? चिंब चामड्यावर ठोकलंस की ते चिखलासारखं दबतं आणि मग फुगून वर येतं. फुगणारा ठसा म्हणजे जास्त पाणी. उमटतच नाही, हाताला दगड लागतो, तर कमी पाणी. बरोबर पाण्यात एक खूण दिसते. ठसा बसतो तिथे चामडं आपोआप गडद तपकिरी होतं. तो रंग उमटत नसेल तर पुढे ठोकत राहायचं नाही.

फोंड्याची_अबोली · ३ जुलै, रात्री ११:३०

रापीदादा, हे गालाचं मी नऊ वर्षं करतेय आणि मला वाटायचं माझाच शोध आहे. 😄

नि, आता पद्धत लिहून देते. आधी मागच्या बाजूला रुंद पॅकिंग टेप चिकटवा, कोरडं असतानाच. म्हणजे ठोकताना तुकडा ताणून वाकडा होणार नाही. पावसात ओल्या चामड्याला टेप धरत नाही, म्हणून आधीच. मग स्पंजने पूर्ण पृष्ठभाग सारखा ओला करा, मध्येच कोरडं बेट राहिलं तर तिथे वर्तुळाचा डाग पडतो. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि रात्रभर ठेवा. पाणी आतपर्यंत सारखं मुरतं. पावसाळ्यात पिशवी फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर दोन दिवस राहिली तर तिसऱ्या दिवशी आत बुरशीची बाग. सकाळी काढा आणि मूळ फिका रंग परतायला लागेपर्यंत थांबा. मग गाल.

फ्रिजमधून काढलेलं सगळंच गार लागतं, त्यामुळे आधी खोलीच्या हवेवर येऊ द्या. मी पहिल्यांदा इथेच फसले होते.

काम अर्धवट ठेवून उठायचं असेल तर परत पिशवीत. आणि पंख्याखाली बसू नका, एका बाजूने वाळतं.

घुमटवाला · ४ जुलै, सकाळी ८:१०

अवांतर आहे, पण पाण्याचा विषय निघाला म्हणून. मी घुमटं, म्हणजे मडक्याला कातडं लावलेली वाद्यं, मढवतो. आमचं कातडं कमावलेलं नसतं, कच्चं. पूर्वी घोरपडीचं असायचं, आता कायद्याने घोरपडीला हात लावता येत नाही, म्हणून बकरीचं. ओलं असताना मडक्यावर ओढून बांधायचं, सुकलं की आपोआप ताणतं. पावसात सैल पडतं आणि आवाज बसतो, आरती आधी घुमट शेकायला लागतं. २०१९ साली सरकारने घुमट हे गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, पण चवथीच्या पावसाला ते कोणी कळवलेलं नाही.

उरलेले बकरीचे तुकडे कोणाला कोरायला हवेत का?

फोंड्याची_अबोली · ४ जुलै, सकाळी ९:००

कच्च्यावर कोरीवकाम होत नाही हो, धन्यवाद. 🙏 आणि कमावलेलं असलं तरी बकरीचं पातळ असतं, त्यावर ठोकून कोरता येत नाही. शांतिनिकेतनच्या पर्स बघा, बकरी-मेंढीच्या पातळ चामड्यावर नक्षी दाबून उठवलेली असते. त्याला चमच्यासारखं हत्यार लागतं, मोगरी नाही. वेगळी विद्या आहे ती.

रसायन_मडगाव · ४ जुलै, दुपारी १:४५

डागांबद्दल कोणी बोललं नाही. मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवतो, हा भाग माझा.

व्हेज टॅन म्हणजे साली आणि फळांच्या टॅनिनने कमावलेलं चामडं. आपल्याकडे बाभळीची साल, हिरडा, दक्षिणेत तरवडाची साल. टॅनिनला लोखंड भेटलं की निळसर काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई आपले जुने लोक याच क्रियेने करत. तुम्ही नकळत चामड्यावर शाई बनवताय. ओल्या चामड्यावर लोखंडी पट्टी, कैची, गंजका ठसा, पातं घासल्यावर हाताला लागलेला कीस, काहीही पुरतं. पावसाळ्यात हत्यारं रात्रीत गंजतात, म्हणून जूनपासून डाग.

ताज्या डागावर लिंबाचा रस पाण्यात घालून कापसाने लावा, डाग फिका पडला की साध्या पाण्याने पुसा. हट्टी डागाला ऑक्झॅलिक ॲसिडचं अगदी पातळ द्रावण चालतं. ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि स्वयंपाकघरात करू नका.

रापी · ४ जुलै, रात्री ९:२०

मास्तर, चाळीस वर्षांनी उत्तर मिळालं. आमची भिजवायची कुंडी मातीची होती. एकदा मी चामडं लोखंडी घमेल्यात टाकलं तर पाठीत धपाटा. का, ते सांगितलं नाही. "काळें जाता" एवढंच.

रसायन_मडगाव · ४ जुलै, रात्री ९:५०

याचा उलटा फायदाही आहे. माडाच्या सुरेचं व्हिनेगर घ्या, त्यात तेल धुऊन काढलेला लोखंडी कीस टाका, झाकण सैल ठेवा, कारण वायू सुटतो. एक-दोन आठवड्यांनी गाळून व्हेज टॅनवर फासलं की काळं होतं, आणि हा काळा घासून जात नाही. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसायचं, म्हणजे आम्ल उरत नाही. बाजारातलं पातळ केलेलं नको, नारळवाल्याकडचं खरं घ्या.

सुशेगाद_७७ · ५ जुलै, सकाळी ११:१५

मस्त धागा. वाचनखूण साठवली. हे सगळं पूर्वी आपल्या चांभारांकडे फुकटात शिकायला मिळायचं, आपणच कदर केली नाही.

रापी · ५ जुलै, रात्री ८:४०

फुकटात कोणी शिकवत नव्हतं आणि शिकायला कोणी येतही नव्हतं. यायचे ते तुटकी चप्पल टाकायला, तीसुद्धा लांबून. आता याच कामाला लेदरक्राफ्ट म्हणतात आणि वर्कशॉपची फी भरून लोक बसतात. बसू देत, माझा राग नाही. पण "आपल्या" हा शब्द जरा जपून.

सुशेगाद_७७ · ५ जुलै, रात्री ९:०५

चूक झाली. माफ करा.

कोल्हापूरची_सून · ६ जुलै, दुपारी १२:३०

मी मडगावात राहते, माहेर कोल्हापूरकडे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. म्हणजे बेळगावही त्यात आलं. नि यांना सांगायचं ते हे, की चेन्नईहून तीन-चार हजारांचं चामडं मागवून त्यावर सराव कशाला? चोर्ल्यातून बेळगावला जाणं झालं तर चपलांचं चामडं विकणाऱ्यांकडे तुकडे किलोवर मागून बघा. बहुतेक म्हशीचं असेल, त्याची छिद्रं जाड, बारीक रेघ खडबडीत दिसेल. पण हात बसवायला उत्तम. शंभर पाकळ्या वाया गेल्या तरी जीव तुटत नाही.

घेताना नखाने दाबून बघा. व्हेज टॅनवर खूण राहते आणि पाण्याचा थेंब लगेच मुरून तिथे काळपट होतं. कापलेल्या कडेत निळसर राखाडी दिसलं तर ते क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं, त्यावर ठसा बसणार नाही, कितीही ठोका.

मांद्रेचा_नि · ९ जुलै, दुपारी ४:००

सगळ्यांचे आभार. रात्रभर पिशवी, फ्रिज, गाल, सगळं केलं. हॉटेलातून सकाळी आल्यावर मी चामडं गालाला लावून बसलेला बघून आईने कपाळाला हात लावला. पण ठसा फुगला नाही! आणि तो तपकिरी रंग दिसला. पातं पाजळल्यावर सुरी लोण्यातून गेल्यासारखी.

पायऱ्या मात्र आहेत तशाच. फोटो डकवतोय.

फोंड्याची_अबोली · ९ जुलै, संध्याकाळी ६:१५

फोटो मोठा करून बघितला. तुम्ही ठसा ठेवता, एक ठोका मारता, उचलता, पुढे ठेवता. हो ना? म्हणून पायऱ्या. बेव्हलर उचलायचाच नाही. चामड्याच्या केसभर वर तरंगता धरा, जाड कड रेघेच्या चिरेत, आणि मोगरीची टकटक चालू ठेवून हात सरकू द्या. दोन ठोक्यांत ठशाच्या रुंदीच्या पाव भागाहून जास्त पुढे जायचं नाही. ठोका मनगटातून, कोपरातून नको. उरल्यासुरल्या पायऱ्या चमच्यासारख्या हत्याराने घासून बसवा, चामडं ओलसर आहे तोवर.

दुसरं, तुम्ही सगळीकडे सारख्याच जोराने दाबलंय. जी पाकळी मागे जाते तिच्या बाजूने दाबायचं. समोरच्या पाकळीच्या रेघेच्या बाहेर खोल आणि मग हळूहळू काही नाही. दोन्ही बाजूंनी दाबलंत तर पाकळी उठत नाही, नाला होतो.

तिसरं, रेघेची खोली. चामड्याच्या जाडीचा तिसरा हिस्सा, अर्ध्यापर्यंत चालेल. तुमच्या ठिकठिकाणी आरपार जायच्या बेतात आहेत. पातं उभं धरा, बाजूला कलंडलं की चिरेची एक ओठ सैल पडते आणि बेव्हलर ती उचकटतो. शेवटाला जोर कमी करत रेघ विरत न्या, दोन रेघा एकमेकींना टेकवू नका.

डिचोलीचा_फिटर · ९ जुलै, रात्री ८:००

अबोलीबाय, शिकवणी चालू करा, फी मी भरतो.

नि, ठशांना गंज चढत असेल तर ८ मिलिमीटरचे स्टेनलेस बोल्ट माझ्याकडे पडून आहेत. डोकं घासून त्यावर कानशीने हवा तो ठसा काढता येतो. बेव्हलरसाठी तोंड एका बाजूला उतरतं करायचं आणि वॉटर पेपरने गुळगुळीत. स्टेनलेसने डाग पडत नाही. साध्या खिळ्यांचे ठसे लोक व्हिडिओत दाखवतात, आपल्या हवेत ते चालायचे नाहीत.

शब्दप्रेमी_साखळी · १० जुलै, सकाळी ७:५०

नक्षीबद्दल बोलू का? सगळेजण ती अमेरिकन गोल वेलबुट्टी कोरतात, वायोमिंगमधल्या शेरिडन गावच्या खोगिरांवरची. सुंदरच आहे. पण आपल्या जुन्या देवळांवरची कावी बघितलीत? चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्याचा पातळ थर आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा काढलेला. सुकला की हात थांबला. तेही पाण्याचंच काम. रेघ सलग असते आणि भाग मोठे, नवशिक्याला अमेरिकन वेलीपेक्षा सोपं जाईल. देवळात जाऊन कागदावर उतरवून आणा. भिंतीला ट्रेसिंग पेपर टेकवू नका, रंग सुटतो.

मांद्रेचा_नि · १० जुलै, दुपारी ३:३०

हे डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद.

फिटरभाऊ, बोल्टांसाठी रविवारी येतो.

मांद्रेचा_नि · १४ ऑगस्ट, दुपारी ५:१०

महिनाभर गायब होतो. बेळगावच्या तुकड्यांवर रोज फक्त एक पाकळी कोरली, दुसरं काही नाही. काल पहिला पट्टा पूर्ण केला, वडिलांसाठी. कावीची वेल, मध्ये तीन फुलं. सुरीने रेघा, मग बेव्हलर, मग पाकळ्यांच्या पोटात पेअर शेडर (खोलगट छटा देणारा ठसा), मागे बारीक ठिपक्यांची भूमी. रंग मास्तरांच्या व्हिनेगरचा, फक्त भूमीवर, बारीक ब्रशने. तेल अगदी थोडं दिलं, कारण आधी एका तुकड्याला नारळाचं भरपूर चोळलं होतं आणि कोरलेलं सगळं मऊ पडून बसलं.

तिसऱ्या फुलाची उजवी पाकळी चुकली आहे. समोर यायला हवी होती ती मागे गेली. परत ओलं करून सुधारता येईल का? चवथीला द्यायचाय.

रापी · १४ ऑगस्ट, रात्री १०:३०

बघितला. पट्टा बरा झालाय. कापलेली रेघ परत मिटत नाही, त्या भानगडीत पडू नकोस. पाकळीच्या पुढे एक पान काढ, रेघ पानाच्या शिरेत लपेल. तेवढाच भाग ओला करू नकोस, वर्तुळ उठेल, सगळा पट्टा सारखा ओला कर. काळ्या रंगावरून स्पंज फिरवताना स्पंज वेगळा घे.

पट्टा कपाटात प्लास्टिकमध्ये घालून ठेवू नकोस. चवथीपर्यंत बाहेर, सुती कापडात.

मांद्रेचा_नि · १६ ऑगस्ट, दुपारी १:००

पान काढलं. सोबत अजून एक काढलं, नाहीतर ते एकटंच वाटत होतं. फोटो डकवलाय.

बायको म्हणते घाटात आता झाडांय आयलीं.